थंड जागी ठेवजा

अमरावतीत शाहनवाजचं दुकान शोधायचं असेल तर त्याचं नाव विचारू नका. "कमीवाले भाई कुठं बसतात?" असं विचारा. मग पानठेल्यावरचा माणूससुद्धा तोंडातला खर्रा एका गालात सारून गल्ली दाखवेल.

कॉम्प्युटर जोडून देणं हा त्याचा धंदा आणि गिऱ्हाइकाला मागितल्यापेक्षा लहान वस्तू घ्यायला लावणं ही त्याची खोड. कोणी म्हणालं, भाई, भारीतला प्रोसेसर टाका, की हा पठ्ठ्या खुर्ची पुढं ओढून उलटतपासणी सुरू करायचा. कायले पाह्यजे? सिनेमेच पाहाचे ना? फोटोच ठेवाचे ना? मंग दारात हत्ती कायले बांधतं? असा दुकानदार कुठं पाहिलाय का तुम्ही? आजूबाजूचे हसायचे, याला धंदा कळत नाही म्हणायचे. पण कमीवाल्या भाईनं बसवलेला डबा कधी बंद पडत नाही असं गावभर म्हटलं जायचं, आणि या एका वाक्यावर शाहनवाजचा फार जीव होता.

डबा म्हणजे टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर. घरातले फोटो, गाणी, लग्नाचे व्हिडिओ सगळं त्यात ठेवायचं, हवं तेव्हा टीव्हीवर पाहायचं. लेक सासरी असली तर तिनं तिथून मोबाइलवर पाहायचं. म्हणजे तो रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे. आणि रात्रंदिवस चालायचं तर त्यानं वीज कमी खाल्ली पाहिजे, तापलं कमी पाहिजे. प्लगमध्ये लावून वॅट मोजायचा एक मीटर शाहनवाजच्या खिशात कायम असे. मेहुणीच्या घरी जेवायला गेला तर ताट येईपर्यंत फ्रिज मोजून यायचा. त्याची बायको हीना म्हणायची, "तुमच्यासोबत कुठं जायाची लाज वाटते."

ही खोड आली अकोल्याहून. त्याचे वडील कुर्बानमियाँ अकोल्यात पत्र्याचे कूलर बनवायचे. होळीपासून घरात पत्रा कापायचा आवाज सुरू व्हायचा तो मृग लागेपर्यंत. गावाला गार करणाऱ्या माणसाच्या घरात मात्र लाईन सारखी जायची आणि पोरं घामानं निथळत अभ्यास करायची. तेव्हापासून विजेचा एक थेंबही सांडू नये असं शाहनवाजला वाटायचं. आता कुर्बानमियाँ थकले होते, मुलाकडे अमरावतीत राहायचे, दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. म्हाताऱ्याला वॅट म्हणता येत नसे, ते 'वाट' म्हणायचे. मुलगा मीटर लावून बसला की हमखास एक टोमणा, "बेटा, वाट बचाते बचाते किसी की वाट मत लगा देना." दुकानात बसलेला प्रत्येक माणूस हसायचा. शाहनवाजही हसायचा.

गेल्या फाल्गुनात भातकुलीहून गोपाल आला. पंचविशीतला, शेती करणारा, बोलायला फटकळ. त्याचे वडील नत्थुजी म्हणजे भजनातला आणि डहाक्याच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या देवाच्या गाण्यांतला पुढचा गळा. माईक नसला तरी नत्थुजींचा आवाज वेशीपर्यंत जायचा. त्यांना दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तोंडातून नुसतं "आं, आं" निघायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की ज्यांचं बोलणं जातं त्यांचं गाणं कधीकधी शिल्लक असतं. त्यांना त्यांचीच गाणी रोज ऐकवा, सोबत म्हणू द्या, गाण्याच्या वाटेनं एखादा शब्द परत येईल.

"बाबाची गाणी समद्यायच्या मोबाइलमधी हायेत," गोपाल म्हणाला. "घरी कॅशेटी हायेत. समदं एका जागी पाह्यजे. बाबाले टीव्हीवर दिसलं पाह्यजे, आन् तिकडं अचलपुरात आचललेबी. तिचा लय जीव हाये बाबावर." आचल म्हणजे त्याची धाकटी बहीण, अचलपुरात दिलेली.

आणि मग गोपाल बोलू नये ते बोलला. त्याला आठ कोरचा प्रोसेसर हवा होता. मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत पाहिला होता.

"काहून?" शाहनवाज म्हणाला. "घरून रॉकेट उडवाचं हाये का?"

"मंग मामाच्या हापिसातला जुना कॉम्प्युटर फुकटात भेटून राह्यला. तो लावा."

"घेऊन ये. पाहू त्याचं पोट."

गोपालनं तो खरंच आणला. शाहनवाजनं मीटर लावला. कॉम्प्युटर काहीही करत नव्हता, नुसता चालू होता, तरी घरातल्या चार बल्बांएवढी वीज ओढत होता. "हा पाह्य, बसून खाते," शाहनवाज म्हणाला. मग त्यानं कपाटातून तळहाताएवढी सर्किटची पाटी काढली. सहा वॅटचा प्रोसेसर. काम नसलं की शहाण्यासारखा झोपतो, हाक मारली की उठतो. वरून व्हिडिओ उलगडून दाखवायचा भाग त्याच्या पोटातच वेगळा बसवलेला, त्यामुळे मोठ्या टीव्हीवरही चित्र अडखळत नाही. गोपालनं स्वस्तातला अजून एक जुना प्रोसेसर शोधून ठेवला होता, तोही कमी वॅटचाच. शाहनवाजनं तो नाकारला. नुसतं कमी खाणारं असून भागत नाही, काम आलं की धापा टाकता कामा नये, असं त्याचं म्हणणं. पंखाही नको. गोपालच्या घरात समोरच्या खोलीला लागून कापूस पडलेला असतो, कापसाचे तंतू पंख्यात जाऊन बसले की महिन्यात डबा गुदमरणार. बिनपंख्याचा डबा, बाजूला हवेसाठी चिरा, आत दोन डिस्का. एकीवर जे ते दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहे. लाईन गेली तर हा डबा इन्व्हर्टरवर तासन् तास चालेल आणि बॅटरीला कळणारही नाही.

यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं शाहनवाजनंही स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगितलं.

होळी झाल्यावर तो स्वतः भातकुलीला डबा बसवायला गेला. घर सिमेंटच्या स्लॅबचं, समोरची खोली पश्चिमेची. खाटेवर नत्थुजी, गोपालची आई पार्वताबाई त्यांच्या पायथ्याशी. गोपाल वायर आणायला बाहेर गेलेला. शाहनवाजनं डबा टीव्हीखालच्या फळीवर ठेवला, गाणं लावलं, आणि नत्थुजी स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. मग त्यांच्या डाव्या हाताची बोटं गादीवर ठेका धरू लागली. पार्वताबाईनं पदर तोंडाला लावला.

निघताना शाहनवाज दारात थांबला. त्याला काळजी करायची सवय होती. प्रोसेसर चांगला होता, भातकुलीचा मे महिनाही त्यानं सोसला असता. पण बिनपंख्याची वस्तू, पश्चिमेची भिंत; म्हणून तो म्हणाला, "काकू, आता उनाळा लागते. याले थंड जागी ठेवजा."

"हव भाऊ," पार्वताबाई म्हणाली. "थंड जागीच ठेवीन."

खाटेवरून नत्थुजी दोघांकडे पाहत होते.

पुढचे दोन महिने भातकुलीहून चांगल्याच बातम्या आल्या. नत्थुजी गाण्यासोबत गुणगुणायला लागले. मग ओळीच्या शेवटचा शब्द पकडायला लागले. आचल अचलपुरात स्वयंपाक करताना बाबाची गाणी लावायची. सगळं डब्यात आलं म्हणून लोकांनी मोबाइलमधली गाणी पुसून टाकली होती, आणि जुन्या कॅसेटी उतरवून घेतानाच तुटल्या होत्या. गोपाल गावात ज्याला त्याला सांगायचा, डबा घ्यायचा तर कमीवाल्या भाईकडूनच घ्या. शाहनवाज ही वाक्यं घरी जाऊन हीनाला जशीच्या तशी ऐकवायचा, दोनदोनदा.

रोहिणी लागायच्या तोंडावर, भर दुपारी, गोपाल डबा पिशवीत घालून दुकानात आला. उन्हानं आणि रागानं त्याचं तोंड लाल झालं होतं.

"बंद पडला, भाई. लाईटबी लागून नाई राह्यला."

शाहनवाजनं स्क्रू काढले, झाकण उचललं आणि त्याच्या नाकाला एक ओळखीचा वास आला. ओल्या कूलरच्या गवताचा वास. त्याचं सगळं बालपण या वासात गेलं होतं. पाटीवर पांढरी पापडी चढली होती, सोल्डरच्या टाक्यांवर हिरवा गंज. दोन्ही डिस्कांच्या खालच्या पाट्यांचीही तीच गत. भातकुली खारपाण पट्ट्यातली. बोअरचं पाणी खारं, ते प्यायला चालत नाही म्हणून कूलरमध्ये टाकतात. कूलरनं ते खारं पाणी वाऱ्यासोबत दोन महिने या डब्याच्या चिरांमधून आत फुंकलं होतं. एक डिस्क गेली तर दुसरी आहे म्हणाला होता ना हा? दोघी एकाच डब्यात, एकाच कूलरपुढं.

"हा कूलरपुढं होता?" त्यानं विचारलं.

"हव! आईनं ठेवला. टीव्हीखालून काढून कूलरपुढं स्टूल मांडलं, त्याच्यावर ठेवला. मले वाटलं ठेवला असन." गोपाल टेबलावर हात आपटून म्हणाला, "तुमी त तिले सांगतलं असन ना भाई, पाण्यापासून दूर ठेवा म्हणून?"

प्रश्न समोर आला होता. उत्तर अगदी जवळ होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यातलं एक गोपालच्याच सांगण्यावरून भातकुलीहून आलेलं. शाहनवाजनं पाटीवरची पापडी नखानं खरवडली आणि मान वर न करता म्हणाला, "हं."

नुसतं "हं". "हो"ही नाही, "नाही"ही नाही. पण गोपालला तेवढं पुरलं.

"पाह्यलं? ती म्हणते, भाऊनंच सांगतलं असं ठेवाले! लाज नाई वाटत, तुमच्यावर ढकलते. तिच्यापाई बाबाचा आवाज गेला." आणि तो तसाच उन्हात निघून गेला.

कोपऱ्यातून कुर्बानमियाँ उठले. चष्मा पुसून डब्यात डोकावले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कूलर के सामने किसने रखा?"

"त्या बाईनं."

"और जगह किसने बताई?"

शाहनवाज टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागला. म्हातारा पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. त्या दिवशी वाटेचा टोमणा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाहनवाजनं मुद्दाम मीटर काढून टेबलावर आपटला, म्हातारा भिंतीकडे पाहत राहिला.

आता माणूस स्वतःशी भांडायला लागला की किती वकील उभे करतो पाहा. मी जागा सांगितली, कूलर सांगितला नाही. विजेच्या वस्तूवर पाण्याचा वारा सोडू नये एवढं कुणालाही कळतं. प्रोसेसर बरोबर निवडला, डबा बरोबर निवडला, सगळ्यांना तेच सांगतो, कुणाचा बिघडला नाही. चूक त्या बाईची. असं त्यानं तीन दिवस घोकलं आणि चौथ्या दिवशी घरात जेवायला बसला असताना कुर्बानमियाँनी सुनेला विचारलं, "मेरी आँख की दवाई?"

"थंडी जगह पे रखी, अब्बा," हीना पोळी उलटता उलटता म्हणाली.

कुर्बानमियाँ उठले, काही न विचारता कूलरकडे गेले, आणि जाळीपुढच्या खिडकीच्या कट्ट्यावरून औषधाची बाटली उचलून घेऊन आले. शेजारी टोमॅटो होते, दह्याचं भांडं होतं, ओल्या फडक्यात कोथिंबीर होती. फ्रिज भरला की उरलेलं सगळं तिथं जायचं. अकोल्यात त्याची आई हेच करायची. थंड जागी ठेव म्हटलं की साऱ्या वऱ्हाडात माणूस डोळे मिटून कूलरपुढं जातो. कूलर बनवणाऱ्याच्या मुलाला हे कुणी शिकवायचं होतं? खारं पाणी पत्रा कसा खातं हे ज्यानं चालायला यायच्या आधी पाहिलं, त्यानंच त्या बाईला हात धरून तिथं नेलं होतं. शाहनवाजनं ताट पुढं सारलं. त्याला स्वतःची शरम वाटली, खरी शरम.

पण शरम वाटणं वेगळं आणि भातकुलीला जाऊन तोंड उघडणं वेगळं. त्यानं मधली वाट काढली. गाणी परत आणायची. गाणी आली की सगळं मिटेल, कोण काय बोललं ते कोण उगाळणार? त्यानं नागपूरपर्यंत फोन फिरवून त्याच बनावटीची डिस्क मिळवली, तिची पाटी काढून खराब डिस्कला लावली, इकडची चिप तिकडं जोडली. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा डिस्क फिरली. काही गाणी कायमची गेली होती, बरीचशी निघाली. शाहनवाज टेबलावर डोकं टेकून बसला. मग त्यानं तसाच सहा वॅटचा नवा डबा जोडला, या वेळी चिरा नसलेला, आणि गाण्यांची एक प्रत वेगळी करून दुकानात ठेवली. हे आधीच करायला हवं होतं, हेही त्याला कळत होतं.

तो भातकुलीला पोचला तेव्हा गोपालनं त्याला दारातच मिठी मारली. शेजारचे चारदोन लोक जमले. "आईनं घालवलं, भाईनं आणलं," गोपाल सगळ्यांना सांगत होता. "आपल्या घरी शिकलेलं माणूस नसलं की असं होते."

पार्वताबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढं आली नाही. तिचं तोंड सुकलं होतं. शाहनवाजनं "काकू, बरं हाये ना?" म्हटलं, तिनं नुसती मान हलवली. शेजारणीनं हळूच सांगितलं की त्या दिवसापासून पार्वताबाई टीव्हीच्या खोलीत कशाला हात लावत नाही, नत्थुजींना जेवण भरवते आणि आत जाते. आचल फोनवर आईला बोलली होती, "आई, तू बाबाचा आवाज घालवला." तेव्हापासून पार्वताबाईनं फोनही घेतला नव्हता. आणि एवढं होऊन तिनं एकच वाक्य धरून ठेवलं होतं, भाऊनंच सांगतलं. ते कुणी खरं मानत नव्हतं. कमीवाला भाई चुकीचं सांगेल का?

डबा लागला. टीव्हीवर नत्थुजी दिसले, धडधाकट, फेटा बांधलेले, आणि तो आवाज खोलीत भरला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे खाटेकडे पाहू लागले, आता म्हणतील, आता ठेका धरतील.

नत्थुजी गायले नाहीत. टीव्हीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते शाहनवाजकडे पाहत होते. त्यांची मान थरथरली, ओठ वाकडा झाला, कपाळावर शीर फुगली आणि तोंडातून निघालं, "थं."

"बाबा बोलले!" गोपाल ओरडला.

"थं... थं..." नत्थुजींनी डावा हात उचलला. "थंड."

"थंड पाणी पाह्यजे बाबाले! आई, थंड पाणी आण!"

पार्वताबाई माठाकडे धावली. गिलास आणला. नत्थुजींनी तो हातानं लोटला, पाणी गादीवर सांडलं. पुन्हा तेच, "थंड. थंड." आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गोपालनं कूलर वाढवला. कुणी म्हणालं, बर्फ आणा. कुणी म्हणालं, उकाड्यानं जीव घाबरला असन. सगळे धावत होते आणि त्या खोलीत एकटा शाहनवाज जागच्या जागी उभा होता, कारण त्या सबंध घरात फक्त त्याला कळत होतं की म्हातारा काय सांगतो आहे. हे वाक्य सांगितलं तेव्हा खोलीत तिघंच होते. एक हा, एक ती, आणि एक ज्याला बोलता येत नव्हतं.

नत्थुजींच्या पाया पडून निघून जाता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. नत्थुजींचा एक शब्द आला तो पाण्यासाठी आला असंच गाव म्हणालं असतं. शाहनवाजच्या मनात हे आलं, आलं नाही असं नाही.

"गोपाल, टीव्ही बंद कर," तो म्हणाला.

"काहून? चांगलं चालून राह्यलं."

"बंद कर म्हणतो ना. कूलरबी बंद कर."

गोपालनं दोन्ही बटणं बंद केली.

"काका पाणी नाई मांगून राह्यले," शाहनवाज म्हणाला. "काका माझं वाक्य सांगून राह्यले. 'थंड जागी ठेवजा', असं मी काकूले सांगतलं होतं. इथीच, या दारात उभं राहून. काकूनं सांगतलं तसंच केलं. आन् तू दुकानात विचारलं तवा मी 'हं' म्हटलं. ते खोटं होतं."

नत्थुजींचा हात गादीवर पडला. त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

गोपालचं तोंड पाहवत नव्हतं. "तुमाले मायीत होतं?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी आईले काय काय बोललो, भाई. चार माणसात बोललो. आन् तुमाले मायीत होतं?"

"हव."

शेजारची माणसं एकेक करून बाहेर सरकली. उद्या हे अमरावतीपर्यंत पोचणार हे शाहनवाजला समजलं.

पार्वताबाई पहिल्यांदा त्या खोलीच्या मधोमध आली. तिनं शाहनवाजला शिव्या दिल्या नाहीत. कपाळाला आठ्या घालून तिनं खरंच विचारायचं म्हणून विचारलं, "मंग भाऊ, थंड जागा म्हंजे कोन्ती?"

शाहनवाजनं चारी बाजूंना पाहिलं. वर तापलेला स्लॅब. पश्चिमेची भिंत, हात लावला तर भाजेल अशी. पलीकडच्या खोलीत कापूस, त्याच्यावर पत्रे. चूल. आणि कूलर. तो बंद करून इतका थोडा वेळ झाला होता तरी सगळ्यांच्या मानेवरून घाम गळायला लागला होता.

"नाई काकू," तो म्हणाला. "या घरात दुसरी थंड जागा नाई. माझ्याबी घरात नाई. मी विचार न करता बोललो."

"मले नोका सांगू," पार्वताबाई म्हणाली. "मले त मायीतच होतं." तिनं गोपालच्या खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्यापुढं धरला. "लाव आचलले. मोठ्या आवाजावर."

गोपालनं लावला. पलीकडून आचलचा आवाज आला, "दादा? बाबा गायले का?"

"दादा नाई, मी होय," पार्वताबाई म्हणाली. "हे कमीवाले भाऊ काय म्हणते ते आयक." आणि तिनं फोन शाहनवाजच्या तोंडापुढं आणला. "सांगा. समदं सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. थंड जागा, कूलर, दुकानातलं "हं", सगळं. एकदा आवाज बसला तेव्हा पार्वताबाई म्हणाली, "मोठ्यानं बोला, तिकडं आयकू येत नाई," आणि त्यानं तेवढं वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"भाऊ, आईले द्या ना फोन," आचल म्हणाली.

शाहनवाजनं फोन पुढं केला. पार्वताबाईनं तो घेतला नाही. ती वळली, माठातून गिलास पुन्हा भरला, कूलरचं बटण दाबलं आणि खाटेवर बसून नत्थुजींची मान आपल्या हातावर घेतली.

"तिले म्हणा, आई कामात हाये," ती म्हणाली, आणि गिलास नवऱ्याच्या ओठाला लावला. या वेळी नत्थुजी पाणी प्यायले.